जोडेघाटच्या वाटेवर

थायलंडमधल्या कांचनाबुरीला क्वाय नदीच्या पुलावर पर्यटकांची कायम गर्दी असते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सयाममधून ब्रह्मदेशात जाणारी 415 किलोमीटरची रेल्वे युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतली, तिच्यावरचा हा पूल. गावातच दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांची दफनभूमी आहे. कातरलेली हिरवळ, ओळीनं सुमारे 7,000 थडगी, बहुतेकांवर नाव आणि वय. पण त्या रुळांपायी युद्धकैद्यांहून कितीतरी जास्त आशियाई मजूर मेले. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ लोक त्यांत हजारोंनी होते. या दगडांवर त्यांची नावं नाहीत. संध्याकाळी नदीकाठी नारळाच्या दुधातली तिखट आमटी आणि भात पुढ्यात आला, तेव्हा माझं मन तिथे नव्हतंच. ते आदिलाबादला पोचलं होतं, कारण महायुद्धाच्या त्याच वर्षांत आमच्या पैनगंगेपलीकडे एक लढाई झाली होती आणि तिच्याविषयी मला माहीत होतं ते दोन ओळींत संपत होतं.

नागपूरहून हैदराबादला निघालेली गाडी पाटणबोरी मागे टाकते, पैनगंगेवरून जाते आणि पाट्यांवरची लिपी बदलते. बाकी काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तीच कपाशी, तेच धुऱ्यावरचे पळस. आदिलाबादला या रस्त्यावरचे प्रवासी फार तर चहाला थांबतात. जुनी माणसं अजून त्याला एदलाबाद म्हणतात. कापसाच्या हंगामात इथल्या बाजार समितीत पहाटेपासून ट्रॅक्टर लागतात, आणि त्या आवारात तासभर उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी आणि लमाणी एकामागून एक कानावर पडतात. भाव ऐकणारा माणूस एका भाषेत ऐकतो, दुसरीत घासाघीस करतो आणि तिसरीत सुस्कारा टाकतो. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा या जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके नांदेडला गेले, त्यांतला राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला, आणि नांदेडकडचं मुधोळ इकडे आलं. घराघरांतल्या सोयरिकी मात्र नदीच्या दोन्ही अंगांना तशाच राहिल्या.

युद्धाचा माग काढायचा म्हणून मी आधी जैनदला गेलो. आदिलाबादजवळचं हे गाव लक्ष्मीनारायणाच्या काळ्या दगडातल्या देवळासाठी ओळखलं जातं. वर्षातून ठरावीक दिवशी सकाळचं ऊन थेट मूर्तीच्या पायांवर येतं, आणि ते बघायला लोक जमतात. पण इथला शिलालेख मला जास्त बोलका वाटला. माळव्याच्या परमार घराण्यातला जगद्देव हा उदयादित्याचा मुलगा. घर सोडून तो दक्षिणेत चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी आला. लेखात त्याच्या पराक्रमाची वर्णनं आहेत, आंध्राच्या राजापासून दोरसमुद्रापर्यंत. आणि देऊळ कोणी बांधलं? त्याच्या पदरच्या लोलार्काच्या बायकोनं, पद्मावतीनं, सूर्यासाठी. नऊशे वर्षांपूर्वी या भागातून सैन्यं जात-येत होती, राजे एकमेकांना हरवत होते आणि एक बाई देऊळ बांधत होती. राजांनी जिंकलेल्या गावांत तेव्हाही कोणीतरी नांगर धरत असेल, डोंगरात कोणीतरी मोहाची फुलं वेचत असेल. शिलालेख त्यांच्यापाशी थांबत नाही.

त्यांच्यापाशी पोचायचं तर गुडीहत्नूरवरून पूर्वेला वळावं लागतं. इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर आणि पुढे केरामेरीचा घाट. रस्ता हळूहळू सागाच्या रानात शिरतो. मातीच्या भिंती लख्ख सारवलेली, अंगणं झाडून काढलेली गोंडांची गावं लागतात. उटनूरला जरा थांबावं. इथे आदिवासी बायकांची संस्था मोहाच्या फुलांचे लाडू करते. वाळवलेली फुलं भाजून, गूळ, शेंगदाणे, तीळ घालून वळलेले. ते आश्रमशाळांतल्या मुलींना दिले जातात, अंगात रक्त भरावं म्हणून. मोहाचं नाव काढलं की आपल्याकडे दारूच आठवते. खरं तर चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेला तो फिकट, गोडसर, जाडसर पाकळ्यांचा सडा हे या डोंगरातलं वर्षभराचं धान्य होतं. पाऊस फसला, ज्वारी बुडाली, तरी मोह फुलायचा. आदिलाबादच्या खानावळीत मिळणारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी मला माझ्या घरचीच वाटते. तांदळाच्या पिठात हरभऱ्याची डाळ, दाणे, तीळ, हिरवी मिरची मळून थापलेली, बोटांनी भोकं पाडून तेलावर खरपूस केलेली सर्वपिंडी ही तेलंगणाची खास चव. तिला मी फार मानतो. पण या जिल्ह्याचा इतिहास ज्याच्या तोंडात उतरायला हवा असेल, त्यानं मोहाचा लाडू खावा. लढाई याच झाडांखालच्या जमिनीची होती.

कोमरम भीम 1901 साली आसिफाबादजवळच्या संकेपल्लीत जन्मला असं मानतात. निजामाच्या राज्यात तेव्हा राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या जात होत्या. पिढ्यान्‌पिढ्या जागा बदलत शेती करणाऱ्या माणसाला एका सकाळी कळायचं, की त्याचं शेत आता सरकारी रान आहे. गुरं चारायची तर पैसे, सरपण आणायचं तर पैसे. त्यातच रस्ते झाले, रेल्वे आली आणि सपाटीवरच्या शेतकऱ्यांचे लोंढे इकडे लागले. हे लिहिताना मराठी माणसानं अडखळायला हवं. कागदपत्रं कशी करायची, पट्टा कोणाकडून मिळवायचा, साहेबाला कसं भेटायचं हे येणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि त्या येणाऱ्यांत वऱ्हाड-मराठवाड्याकडचे आपले लोकही होते. गोंडाच्या नावावर कागदच नव्हता. जमीन कसतो तो तिचा धनी, एवढाच त्याचा कायदा.

जमिनीच्या अशाच एका भांडणात भीमच्या हातून एक माणूस मेला आणि तो पळाला. तो गेला चांद्याला. तिथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याच्या आश्रयाला राहिला आणि लिहा-वाचायला शिकला, अशी कथा सगळे सांगतात. मला ती मोलाची वाटते. चांद्याच्या तुरुंगापाशी 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव शेडमाकेंना फाशी दिलं गेलं होतं. पुढे 1860 साली निर्मलला रामजी गोंड पकडला गेला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ज्या वडावर टांगलं त्याला लोक हजार फासांचा वड म्हणत आले. म्हणजे चांद्याला पोचलेला गोंड तरुण परक्या मुलखात नव्हता. त्याच्या आधीच्यांच्या खुणा तिथे होत्या. तिथून तो आसामच्या चहामळ्यांत गेला, मजुरांच्या भांडणांत पडला, असंही सांगतात. मग परतला, आणि जोडेघाट, बाबेझरी, पटनापूर अशा बारा गावांचा प्रश्न हातात घेतला. जल, जंगल, जमीन हे तीन शब्द आज देशभर मोर्चांत ऐकू येतात. ते भीमच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहेत.

2022 साली एका तेलुगू चित्रपटानं भीमचं नाव जगभर नेलं. त्यातला भीम दिल्लीत जातो, वाघाशी झुंजतो, अल्लूरी सीताराम राजूशी मैत्री करतो. ती कल्पना आहे; अल्लूरी 1924 सालीच मारले गेले होते. खऱ्या भीमनं आधी अर्ज केले. हैदराबादच्या दरबारी न्याय मागितला. मला त्याचं हे रूप बंदूक घेतलेल्या रूपाइतकंच मोठं वाटतं. ज्या राज्यानं आपल्याला माणसात धरलं नाही, त्याच्या दारात कागद घेऊन उभं राहायला निराळं धैर्य लागतं. अर्जांतून काही निघालं नाही, घरं जाळली गेली, मग डोंगर लढला. 1940 साली पोलिसांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जोडेघाटच्या परिसरात गोळ्या घातल्या. त्या वर्षी लंडनवर बॉम्ब पडत होते, पॅरिस पडलं होतं. या डोंगरातल्या गोळ्यांचा आवाज बाहेर कोणाला जाणार? तारखेवर एकमत नाही, आणि गोंडांना त्याची गरजही वाटत नाही. अश्विन पौर्णिमेला ते जोडेघाटला जमतात. वर आता स्मारक आहे, भीमचा पुतळा आहे, आदिवासी जीवनाचं संग्रहालय आहे. त्या दिवशी मी तिथे होतो तेव्हा पुढाऱ्यांच्या गाड्या दुपारी येऊन गेल्या. रात्रीच्या वाटेनं पायी आलेल्या बायका मात्र पहाटेच पूजा उरकून झाडाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांतल्या एका आजीनं मला हाक मारली, “बाबू, जेवला का?” आणि भाकरीवर तिखट ठेवून हातात दिली. मराठी तिची स्वच्छ होती. भीमविषयी विचारलं तर म्हणाली, “आमचाच होता ना,” आणि दुसऱ्या भाकरीला हात घातला.

महायुद्ध या डोंगरात आलं ते एका माणसाच्या रूपानं. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. 1936-37 साली तो नागा टेकड्यांत राहून गेला होता. 1939 साली युद्ध पेटलं तेव्हा तो हिंदुस्थानात होता आणि त्याच्या खिशात होतं जर्मन पारपत्र, कारण ऑस्ट्रिया हिटलरनं गिळला होता. ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रूचा नागरिक. त्याला छावणीत न डांबता हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहायची मुभा मिळाली, आणि तो आपली बायको बेटी हिच्यासह चेंचूंकडे, रेड्डींकडे आणि मग आदिलाबादच्या राजगोंडांकडे गेला. जैनूरजवळच्या मारलवाईत त्यांनी गोंडांसारखंच घर बांधून मुक्काम केला. भीमला मारून वर्ष-दोन वर्षंच झाली होती. हे का घडलं, असं निजामाच्या सरकारला आता कळून घ्यायचं होतं. युरोपात लाखो माणसं एकमेकांना मारत असताना, त्या युद्धानं अडकवून ठेवलेला एक माणूस या खेड्यात बसून गोंडांची गाऱ्हाणी उतरवून घेत होता. त्यानं सरकारला लिहिलं की या माणसांना जमीन द्या, ती दुसऱ्याच्या हाती जाणार नाही असा कायदा करा, त्यांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवा. पुढे हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. 1943 पासून मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणं सुरू झालं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली.

1944 साली त्याला पूर्वेला, सुबनसिरीच्या डोंगरात पाठवलं गेलं. त्याच वर्षी नागा टेकड्यांत, कोहिमापाशी, जपानी आणि ब्रिटिश-हिंदी सैन्यांत तुंबळ लढाई झाली. ज्या टेकड्यांना त्यानं गाणी आणि मेजवान्यांच्या काळात पाहिलं होतं, त्यांवर तोफा धडधडल्या. कांचनाबुरीची रेल्वे ज्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी बांधली गेली, त्याच मोहिमेचं हे पश्चिमेचं टोक. नदीकाठच्या त्या जेवणाच्या वेळी मी ज्या धाग्यात हरवलो होतो तो इथे येऊन मिळतो.

याच गोष्टीत एक मराठी माणूस आहे, आणि त्याच्याविषयी मला विशेष ओढ आहे. सेतुमाधवराव पगडींना आपण शिवचरित्रासाठी, मोगलकालीन फारसी साधनांसाठी, उर्दू काव्यावरच्या लिखाणासाठी ओळखतो. निलंग्यात जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते आणि आदिलाबादच्या आदिवासींमध्ये त्यांनी काम केलं. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले. दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. अधिकाऱ्यानं समोरच्याची भाषा शिकणं ही आपल्याकडे आजही बातमी होते. त्या काळात, जिथे हुकूम उर्दूत निघायचा, गाऱ्हाणं मराठीत लिहिलं जायचं आणि दुःख गोंडीत असायचं, तिथे पगडींनी शेवटच्या भाषेपर्यंत जायचं ठरवलं. गोंडांच्या जमिनी बळकावणाऱ्यांत आपले लोक होते हे खरं, आणि गोंडीच्या क्रियापदांची रूपं रात्री दिव्याखाली मांडणारा हा माणूसही आपलाच. मला दोन्ही सांगायचं आहे. एक सांगून दुसरं झाकता येत नाही.

भीमच्या मरणातून आणखी एक गोष्ट उभी राहिली. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक अनवाणी कित्येक मैल चालून गोदावरीचं पाणी आणतात, त्या पाण्यानं देवाला स्नान घालतात. सिरिकोंड्याच्या कुंभारांनी घडवलेली मडकी लागतात, ठरलेल्या चुलींवर आळीपाळीनं स्वयंपाक होतो. कुळात नव्यानं आलेल्या सुना पांढऱ्या लुगड्यांत, डोक्यावरून पदर ओढून देवापुढे ओळख करून देतात, त्याशिवाय त्यांना देवाची पूजा करता येत नाही. परधान भाटांची किंगरी रात्रभर वाजते. नवं दगडी देऊळ मेसरामांनी आपसांत वर्गणी काढून बांधलं. आणि जत्रेत दरबार भरतो: जिल्ह्याचे अधिकारी येऊन बसतात, आदिवासी आपली गाऱ्हाणी मांडतात. हायमेनडॉर्फच्या काळात, 1940च्या दशकात, ही रीत पडली. डोंगरातून कोणी अर्ज घेऊन शहरात जाण्यापेक्षा सरकारनं देवापाशी यावं, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. दंडारीचे दिवस आले की गावोगावी मोरपिसांचे भरगच्च मुकुट घातलेले गुसाडी नाचत निघतात. मारलवाईचे कनक राजू यांनी हा नाच दिल्लीपर्यंत नेला, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2024 साली ते गेले.

पण दरबार असूनही गोळ्या थांबल्या नाहीत. केस्लापूरपासून जवळच, इंद्रवेल्लीत, 20 एप्रिल 1981 रोजी गिरिजन रयतु कूली संघमच्या सभेला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक कितीतरी जास्त सांगतात. मागणी तीच, जमिनीची. तिथला लाल स्तंभ एकदा पाडला गेला आणि पुन्हा बांधला गेला. कित्येक वर्षं त्या तारखेला जमावबंदी असायची, आपल्या मेलेल्या माणसाला फूल वाहायलाही पोलिसांची परवानगी लागायची. मी गेलो तो साधा दिवस होता. स्तंभाजवळ शेळ्या चरत होत्या. बाजूच्या टपरीवाल्यानं भजी तळता तळता मला स्तंभाकडे नेणारी पायवाट दाखवली, आणि त्याच्या काकाला पायात गोळी लागली होती हेही सांगितलं.

हायमेनडॉर्फ 1970च्या दशकात परत आला तेव्हा दिलेल्या जमिनींतल्या बऱ्याच हातातून गेल्या होत्या. त्यानं त्यावर पुन्हा लिहिलं. बेटी 1987 साली हैदराबादला वारली, तो 1995 साली लंडनला. दोघांची स्मारकं मारलवाईत आहेत आणि गावकरी दरवर्षी तिथे जमतात.

2006च्या वनहक्क कायद्यानंतर जंगलात कसलेल्या जमिनीचे पट्टे द्यायला सुरुवात झाली. 30 जून 2023 रोजी तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी आसिफाबादेत पोडू जमिनीच्या पट्ट्यांचं वाटप सुरू केलं. भीमनं ज्या जिल्ह्यातून अर्ज केले होते तिथेच. मग 2025च्या मे महिन्यात ताडोबा आणि कवाल यांमधला वाघांचा मार्ग जपण्यासाठी एक संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्याला नाव दिलं कुमरम भीम. वाघाला वाट हवी हे मलाही पटतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या प्रत्येकाला ते पटेल. पण राखीव जंगलाच्या हद्दींविरुद्ध ज्यानं जीव दिला त्याचंच नाव नव्या हद्दीला देताना तिथल्या गावांना आधी विचारायला हवं होतं. आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या, बंद पाळला गेला, आणि जुलैमध्ये सरकारनं तो आदेश स्थगित ठेवला.

केरामेरीच्या घाटावरून पलीकडे जिवती तालुक्याची चौदा गावं आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. माणसं मराठी बोलतात, रेशनकार्डं दोन्हीकडची, मतदानही दोन्हीकडे करत आली. दोन सरकारांच्या शाळा एकाच गावात. तिथल्या एका पाटलांच्या ओसरीवर आम्ही बोलत बसलो होतो. दोन राज्यांत राहायला कसं वाटतं, मी विचारलं. त्यांनी घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणले. निजामाच्या काळातली उर्दू पावती, मराठी सातबाऱ्यासाठी केलेला अर्ज, तेलुगूतली नोटीस. सगळे माझ्यापुढे मांडून ते म्हणाले, “वाचा, अन् सांगा जमीन कोणाच्या नावावर हाय ते.”

मराठी अर्ज मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तेलुगू नोटीस त्यांच्या नातीनं वाचली, ती आसिफाबादला कॉलेजात शिकते. उर्दू वाचणारा गावात कोणी नव्हता. तो कागद मोबाइलवर टिपून मी हैदराबादच्या एका मित्राला पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत वहिनींनी चुलीवर भाकऱ्या टाकायला घेतल्या.